मागनं येईल

सावली गावच्या कोष्टीपुऱ्यात देवाजीचं घर कोणाला विचारायची गरज नसे. नाकाच्या वाटेनं जायचं. राखेच्या पाण्यात कोसे, म्हणजे रानरेशमाचे कोश, उकळत असले की त्यांचा उग्र, ओलसर वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई. परका माणूस धोतराचा सोगा नाकाला लावी आणि कोष्टीपुऱ्यातली माणसं त्याला हसत. त्या वासावर त्यांची चूल पेटत होती.

त्या वासाची मालकीण म्हणजे देवाजीची थोरली बहीण. तिचं नाव सुगंधाबाई. नाव ठेवणाऱ्याला पुढचं काय माहीत! लग्न झालं तेव्हा ती परकर सांभाळायच्या वयाची होती, आणि नवरा पटकीनं गेला तेव्हा त्याचं तोंडही तिनं धड पाहिलं नव्हतं. माहेरी परत आली तर आई अंथरुणाला खिळलेली आणि देवाजी रांगता. पुढे आई गेली, बाप मागावर बसून बसून वाकला आणि तोही गेला. देवाजीला तिनं कडेवर वाढवलं, मागावर बसवलं, कलाबाईशी त्याचं लग्न लावून दिलं. सारी गल्ली तिला 'बाई' म्हणे, देवाजीही बाईच म्हणे. लहानपणी तो तिला आई म्हणायला लागला होता, ती सवय तिनंच मोडली. आईची जागा आईची, म्हणाली.

सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, भिंतीला टेकून ती बसायची. शेजारी उकळून मऊ पडलेले कोसे. लुगडं वर सारून डावी मांडी उघडी टाकायची, चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि तळव्यानं मांडीवर वळत वळत धागा काढायची. वळलेला धागा असारीवर, हातातल्या लाकडी फिरकीवर, गुंडाळला जाई. ती मांडी वापरातल्या पोळपाटासारखी गुळगुळीत झाली होती. धाग्यावर तिच्या हाताची खूणही राही. तळवा मांडीवरून उचलून परत ठेवताना धागा किंचित जाड येई, आणि कापड उन्हात धरलं की ते जाडसर ठिपके दिसत. देवाजीच्या कापडाची तीच ओळख होती.

आणि हे कापड जायचं कुठं, तर सोवळ्याला. भटजी कोशाचं धोतर नेसून पूजा सांगे, नवरा मुलगा कोशाचं उपरणं घेऊन बोहल्यावर चढे, आणि तो धागा एका विधवेच्या उघड्या मांडीवर वळलेला असे. पूजेच्या वेळी मात्र तिनं दाराबाहेर उभं राहायचं. हे कोणाच्या ध्यानात येत नसे, आणि ज्यांच्या येई ते सोयीनं विसरत. सुगंधाबाईला त्याचा राग नव्हता. मला येतो.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि आमची राजधानी नागपूर होती. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बाजारात मिलचं चकचकीत नकली रेशीम आलं आणि कोष्टीपुऱ्यातले माग एकेक करून मुके व्हायला लागले. देवाजीचा चालू होता, पण कापड घडी करून ठेवायला घरात जागा उरली नव्हती.

अशात आश्विनात परसोत्तम शेठ आला. मूळचा काठेवाडचा, पण दुकान आफ्रिकेत, मोंबासाला. तिथं आपली माणसं खूप आहेत, पूजेला, लग्नाला सोवळं लागतं आणि कोसा विणणारा एकही नाही, असं त्याचं म्हणणं. देवाजीनं बिऱ्हाड हलवावं, तिकडेच माग टाकावा, कोसे पोत्यांनी इकडून येतील. मोंबासा हे नाव कोष्टीपुऱ्यानं पहिल्यांदाच ऐकलं. मुंबईच्या पलीकडचं, तिच्याच भावकीतलं एखादं गाव असेल, असं अर्ध्या गल्लीनं धरून घेतलं. सुगंधाबाईही त्या अर्ध्यातलीच.

शेठ सपरीत शिरला आणि तिची उघडी मांडी पाहून गर्रकन पाठमोरा झाला. तिनं लुगडं खाली ओढलं. बोलणं मग आतल्या खोलीत झालं, आणि ती बाहेर उकळत्या मडक्यापाशी. मडक्याच्या बुडबुड्यात अर्धं बोलणं बुडालं. शेठ काय म्हणाला ते तिला पुढे कळलं. तो म्हणाला होता, "वहाँ पाँव का चरखा है, देवाजीभाई. सूत मशीन निकालेगा. बहन का काम नहीं. और परमिट भी कारीगर का, उसकी औरत का और बच्चे का ही मिलता है."

देवाजीनं एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यानं ते वाक्य उच्चारलं.

"बाई मागनं येईल."

मागनं. आपल्याकडे फार सोयीचा शब्द आहे हा. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस मागनं म्हणतो. मागनं देतो, मागनं पाहू, मागनं येजो. देवाजी वाईट नव्हता. बहिणीला टाकून जातो आहे हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पुढे कधीतरी बोलावून घेऊ, असा एक धागा त्यानं मनाशी धरला होता, पक्का नसलेला.

बाहेर सुगंधाबाईनं ऐकलं ते असं: बाई मागानं येईल.

म्हणजे मागासोबत. आमच्याकडे धानाच्या गाडीसोबत कोणी आलं तर तो 'धानानं आला' म्हणतात. तसंच हे. मागनं आणि मागानं, लिहिणाऱ्याला फरक एका कान्याचा. सुगंधाबाईनं काना कधी पाहिलाच नव्हता. तिनं मनात सगळं जुळवून टाकलं. भाऊ, भावजय आणि त्यांचं पोरगं पुढच्या डब्यात बसतील. माग एवढा मोठा, बापाच्या हातचा, सागवानी. तो सामानाच्या डब्यातून जाईल आणि त्याच्यासोबत राखायला घरचं माणूस हवं. ते माणूस म्हणजे आपण. किती विश्वासानं म्हणाला तो! तिचा ऊर भरून आला, आणि मडक्यातलं पाणी उतू गेलं तरी तिला भान नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं कंबर कसली. वारलू ढिवर वैनगंगेकडच्या जंगलातून कावडीनं कोसे आणून देई. ऐनाच्या झाडांवर तो किडे राखायचा. त्याला तिनं सांगितलं, औंदा जितके असतील तितके आण.

"एवढे काय करशीन व बाई?" वारलूनं विचारलं.

"सूत काढून ठेवतो. तिकडं गेल्या गेल्या देवाजीच्या हाताले काम पाहिजे. कोसे यायले टाइम लागन."

"आन तू?"

"मी मागानं जातो ना."

वारलूनं मान हलवली. त्यानं मागनं ऐकलं. मागनं म्हणजे काय असतं ते वारलूला ठाऊक होतं, पण बाईच्या तोंडावरचा आनंद पाहून तो काही बोलला नाही.

असं साऱ्या गल्लीचं झालं. विहिरीवर, बाजारात, चक्कीवर ती सांगे, मी मागानं जातो. बाया म्हणत, हो व बाई, जाशीन मागनं, आणि ती वळली की एकमेकींकडे बघत. कोणी खोटं बोललं नाही. कोणी खरंही बोललं नाही. विहिरीवरच्या दोरीसारखा तो शब्द साऱ्यांच्या हातातून गेला आणि गाठ कोणाच्याच लक्षात आली नाही.

ती सूत काढत राहिली. थंडी गेली, मोहफुलं पडायला लागली तरी तिची असारी फिरत होती. मांडीची कातडी सोलवटली. तिनं तिथं एरंडाचं तेल लावलं आणि उजव्या मांडीवर वळायला शिकली, या वयात. लड्या रचत गेली, वर्षभर पुरतील एवढ्या. आपल्यावाचून भावाचं अडू नये याचीच तजवीज ती करत होती, आणि ते तिला कळत नव्हतं. ही गोष्ट सांगताना माझा हात इथं दर वेळी थांबतो.

शेळ्या तिनं शेजारणीला देऊन टाकल्या. तुळशीचं रोप वारलूच्या बायकोला दिलं. सासरच्या गावी जाऊन, ज्याचं तोंड आठवत नव्हतं त्या नवऱ्याच्या नावानं नदीत दिवा सोडून आली. कलाबाई हे सगळं बघत होती. एकदा पोळी लाटता लाटता तिनं तोंड उघडलं.

"बाई, एक सांगू का?"

"सांग ना."

"...काई नाई. पीठ भिजवून देता का आनखी?"

कलाबाईला मी दोष देत नाही. ज्यानं सांगायचं होतं तोच मूग गिळून बसला होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माग सोडला. मागाचा खड्डा, ज्यात विणकर पाय सोडून बसतो, तो तेवढा जमिनीत राहिला. तो कसा नेणार? तळाशी टाचांच्या दोन खळ्या पडल्या होत्या, आधी बापाच्या, मग देवाजीच्या. मागाची फणी सुगंधाबाईनं आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, धोटा तेलानं पुसला, लड्या धानाच्या तणसात घालून पेटीत बसवल्या. देवाजी पेटीला खिळे ठोकत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता.

तिला वाटलं, देवा पोरासारखा घाबरला आहे. परक्या मुलखाला जायचं म्हणजे घाबरणारच. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"देवा, तू चिंता नोको करू. तू पहिले जाय. मी मागानं येतो."

देवाजीच्या हातातून हातोडी गळाली. तो खाली वाकला आणि तिच्या पायावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. बाईला सगळं समजलं आहे, समजून तिनं आपल्याला मोकळं केलं आहे, असं त्याला वाटलं. महिनोन्‌महिन्यांचं ओझं उतरलं त्याच्या छातीवरचं. तिला काही उमगेना.

"काऊन रडते रे बापा? चार दिवसाचं त काम हाय," ती म्हणाली.

पहाटेच वारलूची बैलबंडी मूल गावच्या स्टेशनला निघाली. माग, पेटी, माणसं, आणि सुगंधाबाईच्या मांडीवर तिचं गाठोडं. त्यात एक लुगडं, एक पितळी, पेला आणि असारी. देवाजीला वाटलं, पोरासाठी खाऊ असेल.

मूलला छोट्या लाईनची गाडी फार वेळ थांबत नाही. देवाजीनं कलाबाईला आणि पोराला डब्यात चढवलं, खिडकीपाशी बसवलं आणि बहिणीच्या पाया पडायला वळला तर ती जागेवर नव्हती.

ती सामानाच्या डब्यापाशी होती. हमालांनी मागाचं लाकूड आत सरकवलं, पेटी चढवली, आणि त्यांच्या मागोमाग गाठोडं आत टाकून सुगंधाबाईनं एक पाय वर ठेवला.

"ओ बाई!" हमाल ओरडला. "हा सामानाचा डबा होय. मानसं तिकडं!"

"मी मागासंगं आहो," ती म्हणाली. आवाजात केवढा तोरा होता.

देवाजी धावत आला. "बाई, तू इथी काऊन चढून राह्यली?"

"काऊन म्हंजे? तूच त म्हनलं शेठले. बाई मागानं येईल."

देवाजीचं तोंड पांढरं पडलं. त्यानं हळूच म्हटलं, "मी... मागनं म्हनलो होतो, बाई."

पाय डब्यावर तसाच होता. इंजिन वाफ सोडत होतं. तिला आपल्या कानांचा भरवसा वाटेना.

"मागनं?"

"तूच सारखी म्हनत होती ना व, मागनं येतो, मागनं येतो. मले वाटलं तुले समजलं."

तिनं पाय खाली घेतला. मग विचारलं ते इतकं हळू की हमालानंही हातातलं काम थांबवलं. "तू बलावशीन का मले मागनं? खरं सांग देवा."

देवाजीनं खाली पाहिलं. हमालाचा दोर तिथं पडला होता, त्याकडे तो बघत राहिला. तोच जबाब होता. ज्याला तिनं बोलायला शिकवलं होतं, त्याचं गप्प राहणंही तिला वाचता येत होतं.

शिट्टी झाली. खिडकीतून पोरगं रडत होतं. सुगंधाबाईनं पदरानं भावाचं तोंड पुसलं.

"जाय. कला एकटी बसली हाय. माह्याच कानाचा दोष होता, बापा. तू जाय."

"बाई..."

"जाय म्हनतो ना!"

तो गेला. ती हमालाकडे वळली. "पेटी उलटी नोको ठेवजो. फणी हाय त्यात, दात मुडतेत." हमालानं पेटी सरळ केली आणि तिचं गाठोडं खाली काढून दिलं.

गाडी गेली. वारलूनं रिकामी बंडी परत वळवली.  वाटेत तिनं विचारलं, "तुले ठाऊक होतं?" वारलू बैलांच्या शेपट्यांकडे बघत म्हणाला, "मले वाटलं तुले ठाऊक हाय." त्यानंतर ती बंडीच्या रिकाम्या तट्ट्यावर आडवी पडून मोठ्यानं रडली. भर उन्हात, रस्त्यानं जाणारी माणसं बघत असताना रडली. नवरा मेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

घरात खड्डा तसाच होता. लोकांनी सांगितलं, बुजवून टाक व बाई, कोणाचा पाय मोडन. ती ऐकेना. रोज सकाळी खड्ड्यात उतरून केरसुणीनं झाडून काढी. टाचांच्या खळ्यांतली धूळ बोटांनी पुसून काढी. गल्लीतले उरलेसुरले मागही बंद पडले, तेव्हा ती दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जायला लागली. तिच्यासमोर 'मागनं' हा शब्द कोष्टीपुऱ्यानं टाकून दिला. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. बाया 'नंतर' म्हणायच्या, 'उद्या' म्हणायच्या.

पण आशा चिवट असते, आणि तिनं आपली आशा कशावर टांगली होती हे तिनं एकट्या वारलूला सांगितलं. "माहं सूत वरीसभर पुरन. मंग सरन. सरलं का त्याले माही आठवन येईन. तसं सूत मशीनले निघत नाई."

वारलू हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोन पावसाळे गेले. मग कलाबाईचा भाऊ इसरू मुंबईहून गावी आला; वर्षभरापूर्वीपर्यंत तो कोष्टीपुऱ्यातच होता. आगबोटीवरच्या कोणा माणसाहाती देवाजीनं वस्तू पाठवली होती, ती घेऊन तो थेट सपरीत आला. कागदात कोशाचं लुगडं होतं. देवाजीनं स्वतः विणलेलं.

"बाई, भाऊजीचं मस्त चाललं म्हने तिकडं," इसरू म्हणाला. "दुसरा माग टाकला. आन तुमाले सांगाले सांगतलं का..." इथं त्याला गल्लीचा नेम आठवला आणि त्याचा आवाज उतरला, "...का मागनं बलावतो."

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. लुगडं तिनं मांडीवर घेतलं होतं आणि तळवा त्यावरून फिरवत होती. मग उठून अंगणात गेली आणि कापड उन्हात धरलं. एक पदर, दुसरा पदर, काठ. जाडसर ठिपका कुठं दिसतो का, ते शोधत राहिली. निदान काठात तरी. धागा सगळीकडून सारखा होता, गुळगुळीत, एकसूर. चांगलं कापड होतं. तिचं सूत कधीच सरलं होतं, आणि देवाजीचा धोटा एक दिवसही थांबला नव्हता.

"छान विनलं," ती म्हणाली. लुगड्याची तिनं नीट घडी केली.

"काई निरोप देता का? माहा मानूस परत जानार हाय."

"सांगजो, लुगडं भेटलं." थोडं थांबून म्हणाली, "आन खड्डा बुजवला म्हनून सांगजो."

इसरूनं आत वाकून पाहिलं. खड्डा उघडाच होता, नुकताच झाडलेला.

"पन बाई, खड्डा त..."

"तू सांगजो."

टोपली घेऊन ती माती आणायला बोडीच्या तळ्याकडे गेली. इसरू हात लावतो म्हणाला, तिनं लावू दिला नाही. टाचांच्या खळ्यांत पहिली माती तिनं हातानं घातली, दाबून, अंथरुणात पोराला निजवावं तशी. बाकीची टोपल्यांनी ओतली. उन्हं कलेपर्यंत खड्डा भरला. वरून शेणानं सारवलं. ओलं सारवण कोणी तुडवू नये म्हणून मग ती दारात बसून राहिली. घरात तुडवायला कोणी नव्हतं.